हुगळीवरचा वारा

मी इतिहासाची विद्यार्थिनी. टपालाच्या इतिहासावर निबंध लिहिताना 'सेंच्युरियन' या विमानाची गाठ पडली आणि एका वाक्याशी मी अडले. १२ जून १९३९ रोजी कलकत्त्यास हुगळी नदीवर उतरताना ते सोसाट्याच्या वाऱ्यात सापडून नष्ट झाले, एवढेच ते वाक्य. 'वादळ आले, विमान पडले' असे लिहून मी मोकळी झाले. आमच्या सरांनी समासात विचारले, "वारा तर प्रत्येक विमानाला लागतो. मग बिघडले कोठे?" उत्तराच्या नादात निबंध बाजूलाच राहिला.

सेंच्युरियन ही 'एम्पायर' जातीची उडती नौका होती. चार इंजिने, पंखांचा पसारा ११४ फूट, पोट होडीसारखे आणि दोन्ही पंखांखाली तोल सावरण्यासाठी एकेक पोकळ तरंडा. इम्पीरियल एअरवेजच्या या नौका इंग्लंडहून टपाल व उतारू घेऊन कराची, ग्वाल्हेर, कलकत्ता असे मुक्काम करीत सिंगापूरकडे जात. धावपट्टी बांधायला नको. नदी अथवा तलाव असला की भागले!

पण इथेच मेख आहे. विमानाला तोलून धरते ती हवा, आणि ते आदळते ते पाण्यावर. समजा, तरंगत राहण्यास हवेत ताशी ६० मैल वेग हवा. समोरून २० मैलांचा वारा असेल, तर पाण्याशी वेग ४० मैलच उरतो. तोच वारा पाठीमागून आला, तर ८० मैल होतो. दुप्पट वेग म्हणजे चौपट ऊर्जा. म्हणून वैमानिक वाऱ्याला तोंड देऊनच उतरतो. तलावावर त्याला हवी ती दिशा घेता येते. नदीला मात्र दोन काठ असतात, नावा असतात, आणि प्रवाहाच्या रेषेत उतरणे भाग पडते.

वारा आडवा आला की शेपटीचा उभा पडदा ढकलला जातो आणि विमान वातकुक्कुटासारखे वाऱ्याकडे तोंड फिरवू पाहते. जमिनीवर चाके घट्ट धरतात, ब्रेक असतात. पाण्यावर यांतले काहीच नाही. वाऱ्याकडचा पंख उचलला जातो, पलीकडचा तरंडा पाण्यात घुसतो आणि पंखाच्या टोकाशी बसलेली ती ओढ सगळ्या विमानाला गर्रकन फिरवते. त्याहून वाईट म्हणजे वाऱ्याचा झोत. पाण्यापासून दहा फुटांवर असताना तो अचानक पडला, तर पंखांखालचा आधारच निघून जातो. नाक खाली जाते, आणि त्या वेगाला पाणी मऊ राहत नाही.

तेव्हा वारा नसलेला बरा, असे मला वाटले. तेही खोटे! पाणी आरशासारखे निश्चल असले, की त्याची उंचीच डोळ्यांना कळत नाही. वैमानिकाला थोड्या लहरी हव्याच असतात.

हुगळीवर सुदैवाने प्राणहानी झाली नाही.

निबंधातले माझे ते वाक्य मी खोडले आणि त्या जागी वरील मजकूर घातला. सरांनी पुन्हा समासात लिहिले, "वाचक कलाशाखेचे आहेत. आकडे कमी करावेत." आकडे मी तसेच ठेवले आहेत.