वाटेवरच्या वेणा
अभ्यासपाठ : उत्पत्ती 35:16-20



या तिमाहीच्या अभ्यासासाठी घेतलेला शास्त्रभाग पाचच वचनांचा आहे आणि उपासनेत त्यावर क्वचितच संदेश होतो. याकोबाचे कुटुंब बेथेलहून निघाले आहे. एफ्राथ आता थोडेच राहिले आहे आणि तिथेच, मुक्कामाला पोचण्याआधी, राहेलला वेणा सुरू होतात. बाळंतपण जड जाते. सुईण तिला धीर देते की भिऊ नकोस, हाही मुलगाच आहे. जीव जाता जाता राहेल बाळाचे नाव बेनओनी, म्हणजे माझ्या दुःखाचा पुत्र, असे ठेवते. बाप ते बदलून बन्यामीन करतो. तिला वाटेतच पुरतात आणि याकोब तिच्या कबरेवर स्तंभ उभा करतो.

या भागावर बोलताना आपण बहुधा नावाच्या बदलावर थांबतो. दुःखाचा पुत्र उजव्या हाताचा पुत्र झाला, हे सांगायला सोपे आणि ऐकायला गोड असते. या वेळी आपण वाटेकडे पाहू. दोनच अध्याय मागे, 33:13-14 मध्ये, हाच याकोब एसावाला सांगतो की माझी मुले कोवळी आहेत, गुरेमेंढरे दूध पाजणारी आहेत, एक दिवस जरी जास्त हाकली तरी ती मरतील, म्हणून मी त्यांच्या चालीने हळूहळू येईन. म्हणजे दुबळ्याच्या चालीने चालावे लागते हे त्याला ठाऊक होते. मग दिवस भरलेली राहेल सोबत असताना बेथेलहून निघण्याची घाई का झाली, हे शास्त्र सांगत नाही. आपणही तर्क करायला नको. तिचे बाळंतपण वाटेत झाले आणि त्यात ती गेली, एवढे मात्र शास्त्राने लिहून ठेवले आहे.

आता आपल्या सेवाक्षेत्राकडे या. ऑगस्ट 2022. स्वातंत्र्याच्या अमृत महोत्सवाचे ध्वज घरोघरी लागत होते त्याच दिवसांत पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा तालुक्यात, मर्कटवाडीत, एका आदिवासी मातेला सातव्या महिन्यातच कळा आल्या. घरातच जुळी बाळे झाली आणि दोन्ही तिच्या डोळ्यांदेखत गेली. तिला रक्तस्राव थांबेना. वाडीपर्यंत रस्ता नव्हता. घरच्यांनी लाकडाला चादर बांधून डोली केली आणि पावसातल्या निसरड्या डोंगरवाटेने सुमारे 3 किलोमीटर तिला खाली आणले. ती वाचली. ही बातमी तेव्हा देशभर छापून आली आणि दोन-चार दिवसांत विसरलीही गेली.

बाळंतपणातला वेळ कसा जातो हे आपल्यातल्या आयांना अनुभवाने माहीत आहे. पुरुषवर्गाला मात्र ते नीट सांगायला हवे, कारण पाड्यावर निर्णय बहुतेक तेच घेतात. आधी कंबरेत आणि ओटीपोटात कळ येते, जाते, पुन्हा येते. या सुरुवातीच्या कळा कित्येक तास, कधी दिवसभरही रेंगाळतात. मग त्या जवळजवळ येऊ लागतात, बाईला बोलवेनासे होते. गर्भाशयाचे तोंड उघडत उघडत 10 सेंटीमीटरपर्यंत यावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या मार्गदर्शनानुसार 5 सेंटीमीटरनंतरचा जोराच्या कळांचा काळ पहिलटकरणीत सहसा 12 तासांपलीकडे आणि पुढच्या बाळंतपणांत 10 तासांपलीकडे जात नाही. त्यानंतर जोर करून बाळ बाहेर, मग वार पडणे. आणि इथेच, बाळ रडले म्हणून सगळे सुटकेचा श्वास सोडतात तेव्हा, आईचा सर्वांत मोठा धोका सुरू होतो. वार अडकली किंवा गर्भाशय आवळले नाही तर रक्त जात राहते आणि दोन तासांच्या आत जीव जाऊ शकतो. जिच्या अंगात मुळातच रक्त कमी आहे, जी आवणीच्या चिखलात नवव्या महिन्यापर्यंत वाकून राबली आहे, तिच्याकडे तेवढाही अवधी नसतो.

म्हणजे कळांना पुष्कळ वेळ असतो आणि रक्तस्रावाला मुळीच नसतो. जे काही करायचे ते त्या पहिल्या तासांतच, किंबहुना कळा लागण्याच्या आधीच्या आठवड्यात करावे लागते.

1994 साली सेरीन थडियस आणि डेबोरा मेन या दोन अभ्यासक स्त्रियांनी मातामृत्यूंविषयी जो विचार मांडला तो आजही जगभर शिकवला जातो. माता मरते ती तीन उशिरांमुळे : निघायचे ठरवायला उशीर, पोचायला उशीर, पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. दुसऱ्या उशिराविषयी, म्हणजे रस्ता, डोली, मोबाइलला रेंज नसणे, याविषयी आपण या वार्तापत्रात वेळोवेळी वाचतो. तिसराही कळण्यासारखा आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातून ग्रामीण रुग्णालयात, तिथून जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयात, तिथूनही पुढे नाशिकला किंवा ठाण्याला पाठवणे, आणि प्रत्येक टप्प्यावर घड्याळ चालूच. पण पहिला उशीर आपल्याला नीट कळलेला नाही, असे मला वाटते.

आपण चटकन म्हणतो, अंधश्रद्धा आहे, दवाखान्यात यायला तयार नसतात. असे म्हटले की आपली जबाबदारी संपते. पण त्या बाईच्या जागी क्षणभर बसून पाहा. रात्रीची वेळ. नवरा वीटभट्टीवर, सासू म्हणते सकाळ होऊ दे. दोन लेकरे निजलेली, शेळी दाराशी. निघायचे तर या सगळ्यांना कोण पाहणार? गाडीला पैसे कुठले? आणि दवाखान्यात काय असते? घरी तिची आई, मावशी, पाड्याची सुईण तिच्या पाठीला हात लावून बसतात. पुष्कळ ठिकाणी बाई उकिडवी बसून, आढ्याला बांधलेला दोर धरून जोर करते. दवाखान्यात तिला एकटीला आत घेतात, उताणी निजवतात, तिची वारली बोली समोरच्याला नीट कळत नाही. कळ येते तेव्हा ओरडली तर कुणी रागावेल ही धास्ती असते. ती भिते ती एकटेपणाला, आणि ही भीती शहाणपणाची आहे.

राहेलच्या सुईणीचे पहिले शब्द कोणते होते ते पुन्हा पाहा. तिने औषध दिले की नाही हे लिहिलेले नाही. ती भिऊ नकोस म्हणाली, एवढे लिहिले आहे. आज वैद्यकशास्त्रही याच ठिकाणी येऊन पोचले आहे. प्रसूतीच्या वेळी स्त्रीजवळ सतत कुणीतरी धीर देणारे असावे की नाही यावर झालेले 26 अभ्यास, 15 हजारांवर स्त्रियांचे, 2017 मध्ये एकत्र तपासले गेले. जिला अशी सोबत मिळाली तिची प्रसूती थोडी लवकर झाली, शस्त्रक्रिया कमी लागल्या, अनुभव वाईट वाटण्याचे प्रमाण घटले. केंद्र सरकारने 2016 मध्येच सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी एका नातेवाईक स्त्रीला सोबत राहू देण्याची सूचना काढली आहे. पाड्यावरच्या घरांना हे बहुधा माहीत नसते. आपण ते सांगू शकतो, एवढेच नव्हे तर दारात विनंतीही करू शकतो.

एक आडवा मुद्दा. काही विश्वासी उत्पत्ती 3:16 काढून म्हणतात की वेदना स्त्रीच्या वाट्याला लावून दिल्या आहेत, त्या सोसायच्याच. हे नवे नाही. 1847 साली एडिनबरोत डॉ. जेम्स सिम्प्सन यांनी बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरायला सुरुवात केली तेव्हाही धार्मिक आक्षेप आले. सिम्प्सन यांनी शास्त्रानेच उत्तर दिले : उत्पत्ती 2:21 मध्ये देवाने आदामाची फासळी काढण्याआधी त्याला गाढ झोप लावली होती. वचन स्त्रीच्या वेदनेची नोंद करते, पण त्या वेदनेकडे पाठ फिरवायला कुणालाही परवानगी देत नाही. स्तोत्र 22:9 मध्ये तर दावीद देवाविषयी असे बोलतो की मला आईच्या उदरातून बाहेर काढणारा तूच. ते काम कुणाचे असते? सुईणीचे. निर्गमच्या पहिल्या अध्यायातल्या शिप्रा आणि पुवा या सुइणींची नावे पवित्र शास्त्राने जपली आहेत, ज्या फारोने त्यांना हुकूम दिला त्याचे नाव मात्र दिलेले नाही.

आपल्याच महाराष्ट्रातले उदाहरण घ्या. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने अहमदनगर जिल्ह्यातल्या जामखेडला काम सुरू केले. मोठे रुग्णालय उभारून लोक येण्याची वाट पाहावी, असा मार्ग त्यांनी धरला नाही. गावातल्याच बायका, पुष्कळ निरक्षर आणि दलित, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केल्या. त्या गावच्या असल्यामुळे कोणत्या घरात कुणाला कितवा महिना आहे हे त्यांना विचारावे लागत नसे. 1979 मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला त्यात महत्त्वाचे वाटते ते हे, की डॉक्टरांनी आपली विद्या स्वतःपाशी ठेवली नाही.

शासनानेही बरेच काही दिले आहे आणि आपल्या सेवकांना ते तोंडपाठ असावे. 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यात प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, रक्त, जेवण आणि जाण्यायेण्याचे वाहन मोफत आहे. ग्रामीण भागातील पात्र मातेला जननी सुरक्षा योजनेचे 700 रुपये मिळतात. 2015 च्या अमृत आहार योजनेत शेवटचे तीन महिने आणि बाळंतपणानंतर सहा महिने अंगणवाडीत एक वेळचा चौरस आहार आहे. आणि आपल्या विषयाला सर्वांत जवळची म्हणजे माहेरघर : काही आदिवासी भागांत आरोग्य केंद्राशेजारी एक खोली, जिथे दूरच्या पाड्यावरची गरोदर बाई तारखेच्या चार-पाच दिवस आधी लहान मुलासह, एका नातेवाइकाला घेऊन येऊन राहू शकते. वाटेवर वेणा लागू नयेत म्हणून आधीच मुक्कामाला पोचवणारी ही योजना आहे. नावही सुरेख ठेवले आहे. राज्यात 2018-20 या काळात एक लाख जिवंत जन्मांमागे 33 मातामृत्यू नोंदले गेले, देशात 97. ही सुधारणा खरी आहे आणि तिच्याबद्दल देवाचे आभार मानावेत. पण 33 ही संपूर्ण राज्याची सरासरी आहे. मुंबईची इमारत आणि मोखाड्याची वाडी त्यात एकत्र मोजली जाते.

आपण गोडदेव, नवघर, खारीगाव भागातले लोक म्हणाल की हे सगळे मोखाड्याचे. तसे नाही. दिवाळीनंतर, भात घरात आले की जव्हार-मोखाड्याची कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी, वसई, विरार आणि आपल्या मिरा-भाईंदरकडे वीटभट्टीवर आणि बांधकामावर येतात व पावसाच्या तोंडावर परततात. त्यात गरोदर बायका असतात. गावच्या आरोग्य केंद्रात तिचे नाव आहे, पण ती तिथे नाही. इथे ती आहे, पण कुणाच्या यादीत नाही. तिचे माता-बाल संरक्षण कार्ड गाठोड्यात किंवा गावच्या घरी असते. पूर्वेला इमारतीच्या तळाशी पत्र्याच्या खोलीत तिला कळा लागल्या तर पंडित भीमसेन जोशी रुग्णालय, ज्याला सगळे टेंभा म्हणतात, ते रेल्वेच्या पलीकडे पश्चिमेला आहे, हे तिला कुणी सांगितले आहे का? रात्री दोन वाजता रिक्षा कोण थांबवणार? मर्कटवाडीला रस्ता नव्हता. इथे रस्ता दारात आहे, आणि तरी ती तितकीच दूर असू शकते.

म्हणून आमची विनंती अशी. आपल्या सोसायटीशेजारी बांधकाम चालू असेल तर मंडळीतल्या दोन बहिणींनी एखाद्या संध्याकाळी तिथे जावे. कितवा महिना, कार्ड आहे का, तारीख कधीची, नवऱ्याचा किंवा मुकादमाचा फोन कोणता, एवढे विचारावे आणि भागातल्या आशाताईंशी गाठ घालून द्यावी. 108 चा नंबर पत्र्यावर खडूने मोठ्या आकड्यांत लिहून द्यावा. तरुण संघातल्या ज्यांना शक्य आहे त्यांनी रक्तगट नोंदवून ठेवावा. रात्री फोन आला तर सोबत जाईल अशी एक बहीण आधीच ठरवलेली असावी. आणि हे करताना त्या घराकडून कसलीही अपेक्षा नको, उपासनेला येण्याचीसुद्धा. सुईण नाळ कापते आणि बाळ आईजवळ देते.

गटात अभ्यास करताना उत्पत्ती 33:13-14 आणि 35:16-20 एकामागोमाग मोठ्याने वाचा. शक्य असेल तर एखाद्या आजीला तिच्या बाळंतपणाची हकीकत सांगायला सांगा आणि पुरुषांनी मध्ये न बोलता ऐकावी. नंतर योहान 16:21 काढा. वधस्तंभाच्या आदल्या रात्री प्रभूने शिष्यांच्या दुःखाला उपमा दिली ती वेणा देणाऱ्या स्त्रीची, जी बाळ हाती आल्यावर कळा विसरते. मग एकमेकांना विचारा : ज्या आईच्या हाती बाळ आलेच नाही तिच्यासमोर हे वचन आपण कसे वाचू? उत्तरासाठी घाई करू नका. पुढच्या अंकाआधीच्या प्रार्थनासभेला आपल्या परिसरात आणि आपण भेट देता त्या पाड्यांवर नववा महिना लागलेल्या किती बहिणी आहेत तो आकडा आणि त्यांच्या तारखा लिहून आणाव्यात.