मॅग व्हील निवडताना हबपासून सुरुवात करा

शेडनेटमधल्या बीजोत्पादनानं आमच्या जाफराबाद-देऊळगाव राजा पट्ट्यातल्या तरुणांच्या हाती बऱ्यापैकी पैसा दिला. टेंभुर्णीत आता व्हर्टस, स्लाविया, आय२० एन लाइन अशा टर्बो इंजिनाच्या गाड्या दारासमोर उभ्या दिसतात. गाडी घरी आली की पहिला बदल होतो तो चाकांचा. कंपनीचे व्हील काढायचे आणि मोठे मॅग व्हील बसवायचे. या हौसेला माझा विरोध नाही. बेताचं चाक बसवलं तर गाडी देखणी दिसते आणि वळणावर जास्त नेमकीही वागते. पण शेतीकडे परतण्याआधी मी वाळूजच्या एमआयडीसीत ॲल्युमिनियम कास्टिंगच्या क्वालिटी विभागात काम केलं आहे. चांगलं कास्टिंग आणि वाईट कास्टिंग बाहेरून किती सारखं दिसतं, हे मी रोज पाहिलं आहे. त्यामुळे घरातल्याच गाडीवर जे पाहिलं ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

माझ्या पुतण्याची व्हर्टस जीटी. दीड लिटरचं टर्बो इंजिन, १५० पीएस ताकद. कंपनीकडून त्यावर २०५/५५ आर१६ टायर येतात. त्यानं एका मोठ्या शहरातून १८ इंची व्हील आणि २१५/४० आर१८ टायर बसवून आणले. काही महिन्यांनी मागच्या डाव्या चाकातली हवा सारखी उतरू लागली. पंक्चर सापडेना, व्हॉल्व्ह बदलून पाहिला, तरी तेच. सगळं घर घेऊन तो समृद्धी महामार्गावरून नागपूरला निघणार होता, म्हणून आदल्या दिवशी चाक खोलून साबणाच्या पाण्यात तपासलं. बुडबुडे टायरमधून नव्हे, रिमच्या आतल्या बाजूनं येत होते. बाहेरून पाहणाऱ्याला ती बाजू कधीच दिसत नाही.

मी जालन्याहून डाय पेनेट्रंट मागवलं. कारखान्यात तडे शोधायची ही साधी रीत आहे: भाग स्वच्छ पुसायचा, लाल द्रव फवारायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबून पुसून काढायचा आणि वर पांढरा डेव्हलपर मारायचा. तड्यात मुरलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटतो. रिमच्या आतल्या काठापासून निघालेली बोटभर लांब रेघ उमटली.

"काका, टायरवाला म्हणतो वेल्डिंग मारून देतो, पुन्हा हवा जाणार नाही," पुतण्या म्हणाला. मी सक्त नाही म्हटलं, आणि कारण समजावून सांगितलं. मॅग व्हील बहुतेक वेळा ए३५६ या मिश्रधातूचं असतं. त्यात ॲल्युमिनियमबरोबर सुमारे ७ टक्के सिलिकॉन आणि थोडं मॅग्नेशियम असतं. ओतकाम झाल्यावर चाक ५४० अंशांच्या आसपास तापवतात, पाण्यात थंड करतात आणि मग १५०-१६० अंशांवर काही तास ठेवतात. टी६ नावाच्या या प्रक्रियेतूनच त्याला खरी ताकद येते. वेल्डिंगची उष्णता नेमकी तीच ताकद आजूबाजूच्या धातूतून काढून घेते. हवा थांबते, तडा बुजलेला दिसतो, आणि शेजारचा मऊ पडलेला पट्टा पुढच्या फटक्याची वाट पाहत राहतो. म्हणूनच सेकंडहँड मॅग व्हील रंगवून चकाचक केलेले दिसले की मला धास्ती वाटते. पावडर कोटिंगखाली वेल्डिंग सहज लपतं. जुनं चाक घ्यायचंच असेल तर टायर काढून, बॅलन्सिंग मशीनवर फिरवून, आतला काठ नखानं चाचपून घ्या. काढून दाखवायला विकणारा तयार नसेल तर तिथून निघा.

समृद्धीवर लहान गाड्यांना सपाट भागात ताशी १२० किलोमीटरची परवानगी आहे. काँक्रीटचा सरळ रस्ता, तासन्‌तास एकच वेग. कमी हवेचा टायर अशा वेळी कडेला सतत दुमडतो, तापतो आणि आतून सुटायला लागतो. परिवहन विभागानं या मार्गाच्या प्रवेशावर टायर तपासणी सुरू केली ती याच कारणानं. पण तपासणाऱ्याला टायर दिसतो, रिमच्या आतला तडा दिसत नाही. तो आपल्यालाच पाहावा लागतो.

तडा आला कशामुळे? थोडं गणित करू. २०५/५५ टायरची भिंत, म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंतची रबराची उंची, सुमारे ११३ मिलिमीटर असते. २१५/४० टायरची ८६. बाहेरचा एकूण व्यास जवळपास तोच राहतो, ६३२ च्या जागी ६२९. दुकानदार हाच आकडा दाखवून "साइज बरोबर आहे" म्हणतो, आणि त्याचं म्हणणं खोटंही नसतं. फक्त खड्डा आणि रिम यांच्यामधलं २७ मिलिमीटर रबर गेलेलं असतं. आमच्याकडे काळ्या मातीवरचे रस्ते पावसाळ्यात फुगतात आणि उन्हाळ्यात खचतात. डांबराची कड तुटून हातभर खोल पायरी होते. गावागावांपुढचे गतिरोधक रंगवलेले नसतात. राजूरच्या बाजूनं रात्री येताना समोरून ट्रॅक्टरचा दिवा डोळ्यांवर आला की खड्डा दिसतो तोवर चाक त्यात गेलेलं असतं. अशा रस्त्यावर टायरची उंच भिंत हाच रिमचा विमा. माझं स्पष्ट मत आहे: कंपनीचं चाक १६ इंची असेल तर १७ वर थांबा. १८ इंची चाक गुळगुळीत रस्त्यांच्या शहरात शोभेल, जाफराबाद तालुक्यात नाही.

तडा सापडला म्हणून उरलेली तीन चाकंही उतरवली, आणि त्याहून मोठी गोष्ट तेव्हा कळली. बोल्ट पान्याच्या हलक्या झटक्यात सुटले. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या गाड्यांना नट नसतो, हबमध्ये आत जाणारा बोल्ट असतो, आणि कंपनीच्या बोल्टचं डोकं खालून गोलाकार असतं, चेंडूसारखं. बाजारातल्या बहुतेक मॅग व्हीलची बैठक मात्र शंकूच्या आकाराची, ६० अंशांची. बसवणाऱ्यानं नव्या चाकाला जुनेच बोल्ट लावले होते. गोल डोकं शंकूत बसलं की पूर्ण पृष्ठभाग टेकत नाही, एक बारीक रेघ तेवढी टेकते. चारही चाकांच्या बैठकीत ती रेघ चमकत होती. ती झिजली की बोल्टाचा ताण उतरतो आणि चाक सैल होतं. तड्यानं निदान हवा कमी करून इशारा दिला होता. या बोल्टांनी काहीच दिला नसता.

म्हणून चाक निवडताना सुरुवात हबपासून करा आणि मग बाहेर या. डिझाइन सगळ्यात शेवटी. पहिली गोष्ट पीसीडी, म्हणजे बोल्टांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. व्हर्टस, स्लाविया आणि जुन्या पोलोचा ५×१००, ऑक्टाव्हियाचा ५×११२, स्विफ्ट आणि आय२०चा ४×१००. एकाच चाकाला दहा भोकं पाडून दोन वेगवेगळे पीसीडी बसतील असे व्हील मिळतात. माझ्या मते ते टाळावेत, कारण भोकांमधला धातू तितकाच कमी होतो. ४×१०० च्या हबवर ४×९८ चं चाक "ओढून बसतं" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

त्यानंतर सेंटर बोअर, चाकाच्या मधलं भोक. व्हर्टसच्या हबला ५७.१ मिलिमीटर लागतं, स्विफ्ट आणि आय२०ला ५४.१. बाजारातली चाकं बऱ्याच गाड्यांना चालावीत म्हणून ७३.१ ची बनवतात आणि मधली फट भरायला रिंग लागते. रिंग नसेल तर चाक अगदी मधोमध बसत नाही. ऐंशी-नव्वदच्या वेगात स्टेअरिंग थरथरतं आणि माणूस बॅलन्सिंगवर पैसे घालत बसतो. दोष तिथे नसतोच.

ऑफसेटबद्दल जरा थांबून सांगतो, कारण सगळ्यात जास्त फसगत इथे होते. चाकावर ईटी आणि पुढे आकडा कोरलेला असतो. हबला टेकणारी पाठ चाकाच्या मध्यरेषेपासून किती मिलिमीटर बाहेर आहे, ते तो सांगतो. आकडा कमी झाला की चाक तितकं बाहेर येतं. समजा मूळ चाक ६ इंच रुंद, ईटी ४० आहे आणि तुम्ही साडेसात इंच रुंद, ईटी ३५ घेतलं. रुंदी दीड इंचानं, म्हणजे ३८ मिलिमीटरनं वाढली. ती दोन्ही बाजूंना १९-१९ वाटली जाते, वर ऑफसेटचे ५. चाक बाहेर २४ आणि आत १४ मिलिमीटर सरकलं. दुकानातून एकट्यानं फेरी मारली तर काही घासणार नाही. मागे तिघं, डिकीत बियाण्याच्या पेट्या आणि समोर गतिरोधक आला की टायर मडगार्डला लागेल. चाक बाहेर गेलं की बेअरिंगवरचा भारही वाढतो. चाक बाहेर काढायला स्पेसर घालणारे आहेत. त्यांना हात जोडून विनंती, घरच्यांना घेऊन हायवेला जायच्या गाडीत स्पेसर घालू नका.

चाक उलटं करून पाठ वाचायची सवय लावा. तिथे साइज, ईटी आणि कमाल भार किलोमध्ये लिहिलेला असतो. गाडीच्या कागदपत्रांत ॲक्सलचा भार मिळतो. त्याच्या निम्म्याहून चाकाचा भार जास्त हवा, आणि आमच्या रस्त्यांसाठी बराच जास्त. टायरचंही तसंच: २०५/५५ आर१६ वर ९१ हा आकडा असतो, म्हणजे एका टायरला ६१५ किलो. नवा टायर त्याहून कमी आकड्याचा घेऊ नका. जपानी चाकांवर जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए अशा खुणा असतात. पहिली बनवणारा स्वतः तपासून लावतो, दुसरी बाहेरच्या संस्थेच्या चाचणीनंतर मिळते. आपल्याकडे २०२० साली केंद्र सरकारनं व्हील रिमसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला, त्यात आयएस १६१९२ हे मानक आणि आयएसआय चिन्ह सांगितलं आहे. पुतण्याच्या चाकांच्या पाठीवर भाराचा आकडाच नव्हता. माझ्या दृष्टीनं एवढ्यावरच ती परत पाठवण्यासारखी होती.

खुणा असल्या तरी वजन करा. आमच्या गोदामातल्या सोयाबीनच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर आम्ही ते केलं. टायर काढलेलं कंपनीचं १६ इंची चाक नऊ किलोच्या आसपास, ते १८ इंची बाराच्या वर. १९९६ साली जपानच्या रेज कंपनीनं टीई३७ हे सहा काड्यांचं फोर्ज्ड, म्हणजे दाबून घडवलेलं, चाक आणलं ते वजन उतरवण्यासाठी. आज त्याचा आकार जगभर नक्कल होतो, पण साध्या ओतकामात, आणि वजन अनेकदा गाडीच्या कंपनीच्या चाकापेक्षाही जास्त भरतं. स्प्रिंगच्या खाली असलेलं हे वजन प्रत्येक खड्ड्यात सस्पेन्शनला उचलावं लागतं, प्रत्येक पिकअपला इंजिनाला फिरवावं लागतं आणि प्रत्येक ब्रेकला थांबवावं लागतं. दीडशे पीएसची गाडी घेऊन तिच्या पायात जड चाक बांधणं मला पटत नाही. फोर्ज्ड चाक महाग पडतं. फ्लो-फॉर्म्ड हा मधला रस्ता चांगला आहे: चाक ओततात, मग त्याचा पिंपासारखा भाग गरम असताना रोलरनं दाबून लांबवतात, त्यामुळे धातू घट्ट होतो आणि भिंत पातळ असूनही टिकते.

आम्ही शेवटी १७ इंची फ्लो-फॉर्म्ड घेतले. पीसीडी फक्त ५×१००, बोअर ५७.१, रिंग लागलीच नाही, पाठीवर भार कोरलेला, आणि बैठकीला जुळणारे शंकूचे बोल्ट. टायर २०५/५० आर१७, लोड इंडेक्स ९३. भिंत १०२ मिलिमीटरच्या वर राहिली. तेच राजूरचे खड्डे, तीच गाडी, पण आता फटका बसला तरी तो रबरावर बसतो. मूळ १६ इंची चाकं विकायची नाहीत, हे मी पुतण्याला आधीच बजावलं होतं. पावसाळ्यात तीच गाडीला लागतात.

कागदांचंही पाहा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल यांनुसार कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलाविरुद्ध गाडीत बदल करता येत नाही. मडगार्डबाहेर आलेली चाकं तपासणीत सहज डोळ्यांत भरतात. नव्या चाकांचं बिल घ्या आणि विमा कंपनीला लेखी कळवा. नुकसान झाल्यावर सांगितलं तर ऐकून घेतलं जाईलच असं नाही.

बसवताना न्यूमॅटिक गननं शेवटचा कस देऊ देऊ नका. बोल्ट आधी हातानं फिरवा आणि फेरे मोजा. सात-आठ पूर्ण फेरे आत जायला हवेत. कमी गेले तर बोल्ट आखूड आहे. मग समोरासमोरच्या क्रमानं टॉर्क पान्यानं आवळा. या गाड्यांना १२० न्यूटन-मीटर लागतं, म्हणजे मीटरभर पान्याच्या टोकाला साधारण १२ किलोचा जोर. पन्नास ते शंभर किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासा. रंगाचा आणि धूळमातीचा पातळ थर दबला की थोडा ताण उतरतोच.

आणि स्टेपनी विसरू नका. डिकीतलं चाक कंपनीचं लोखंडी आहे, त्याची बैठक गोल आहे. नव्या मॅग व्हीलचे शंकूचे बोल्ट त्याला चालणार नाहीत. एका चाकापुरते पाच जुने बोल्ट पिशवीत घालून स्टेपनीच्या खळग्यातच ठेवा आणि पिशवीवर मोठ्या अक्षरांत 'फक्त स्टेपनीसाठी' असं लिहा. रात्री रस्त्यात चाक बदलायला तुम्हीच असाल असं नाही. गाडी घरातलं दुसरं कुणी चालवत असेल, मदतीला अनोळखी माणूस थांबेल, आणि त्याला ती पिशवी पाहताच कळायला हवं.