चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला : ऐंशीच्या दशकातली मर्सिडीज एसएल विकत घेताना



आपण नेहमी विक्रीबद्दल बोलतो. आज खरेदीबद्दल बोलू. आणि खरेदीही कसली, तर हौसेची. आपले एक प्रेक्षक जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहतात. मूळचे सांगलीचे. तिथे भारतीय किराण्याचं छोटं दुकान चालवतात. पोरं शिकून मार्गाला लागली, दुकान स्थिर झालं, आणि आता वीस वर्षं मनात असलेली गाडी घ्यायची आहे : मर्सिडीजची ५६० एसएल, उघड्या छताची, दोन सीटची. त्यांच्यासमोर दोन गाड्या होत्या. एक चकाचक पॉलिश केलेली आणि निम्म्या किमतीची. दुसरी रंग जरा उतरलेली, दुप्पट किमतीची, पण सोबत कागदांची जाड फाइल. त्यांनी विचारलं, "सर, पहिली घेतली तर निम्मे पैसे वाचतात ना?"

या एका प्रश्नात धंद्याचा एक मोठा धडा आहे. तुम्ही जुनी गाडी घ्या, जुनं पॅकिंग मशीन घ्या किंवा कुणाचं चालू दुकान घ्या, धडा तोच.

आधी वस्तू ओळखा

या गाडीला कंपनीच्या भाषेत आर १०७ म्हणतात. १९७१ मध्ये ती आली आणि १९८९ पर्यंत बनत राहिली. अठरा वर्षांत २,३७,२८७ गाड्या तयार झाल्या. म्हणजे ही दुर्मीळ गाडी नाही, हे पहिलं लक्षात घ्या. "अशी गाडी परत मिळणार नाही साहेब" असं विकणारा म्हणाला, तर हसून चहा प्या आणि पुढची गाडी बघा.

ऐंशीच्या दशकात अमेरिकेत अधिकृतपणे ३८० एसएल मिळायची, अवघ्या १५५ अश्वशक्तीची. युरोपात मात्र दमदार ५०० एसएल विकली जात होती. अमेरिकेतल्या पैसेवाल्या ग्राहकांनी ती परस्पर मागवायला सुरुवात केली. आपलाच ग्राहक आपल्याच मालासाठी आडवाटेने जातोय हे कंपनीने पाहिलं, आणि १९८६ च्या मॉडेलपासून अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया या बाजारांसाठी ५६० एसएल आणली. ५.६ लिटरचं व्ही-८ इंजिन, अमेरिकेत २२७ अश्वशक्ती. त्यामुळे आज जर्मनीत दिसणारी ५६० एसएल ही बहुतेक वेळा परदेशात नांदून माहेरी परत आलेली गाडी असते. म्हणूनच तिचा मधला इतिहास विचारायचा.

नियम पहिला : आधी पत्रा, मग इंजिन

नवखा माणूस बॉनेट उघडतो. जाणकार आधी गालिचा उचलतो.

या गाडीला ट्रकसारखी वेगळी चौकट नाही. बॉडीचा पत्रा हाच तिचा सांगाडा. इंजिनचं काम एकेक भाग बदलून करता येतं. सांगाडा कुजला की मात्र गाडी सोलावी लागते. सगळ्यात वाईट जागा म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधली पत्र्याची भिंत. समोरच्या काचेखाली पाणी वाहून जायच्या वाटा असतात. तिथे झाडाचा पाला साचला की पाणी तुंबतं, आणि भिंत आतून गंजते. बाहेरून काही दिसत नाही. दुरुस्तीसाठी डॅशबोर्ड, हीटर सगळं काढावं लागतं. खर्च होतो तो वेल्डिंगपेक्षा या उघड-मिटीच्या मजुरीवर.

म्हणून दोन्ही बाजूंच्या पायाखालचा गालिचा दाबून बघा. ओलसर लागला तर थांबा. मग गाडी रॅम्पवर चढवा. जॅक लावायच्या जागा, मागच्या चाकांच्या कमानी आणि डिकीचा तळ बघा. खाली नवा काळा डांबरी लेप दिसला तर विचारा, "हा कधी मारला? कशासाठी मारला?" दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं.

नियम दुसरा : न दिसणारा एक भाग सगळं बुडवू शकतो

१९८१ ते १९८३ च्या अमेरिकन ३८० एसएलमध्ये टायमिंग चेन एकपदरी होती. ती ताणते, कधी तुटते. तुटली की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिनचं मोठं नुकसान होतं. १९८४ पासून दुपदरी चेन आली, आणि आधीच्या बऱ्याच गाड्यांनाही नंतर ती बसवली गेली. तेव्हा जुनी ३८० बघत असाल तर एकच प्रश्न : "दुपदरी केल्याचं बिल आहे का?" तोंडी "हो" चालणार नाही.

५६० ला चेन दुपदरीच आहे. पण चेनला वाट दाखवणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या वयाने कडक होऊन तुटतात, हे तिथेही लागू आहे. त्या कधी बदलल्या, हेही बिलातच शोधायचं.

तुमच्या धंद्यातही अशी एक "चेन" असते. एकच सप्लायर, एकच ऑपरेटर, एकच मोठा ग्राहक. चालू दुकान विकत घेताना आधी ती कुठली, ते शोधा.

नियम तिसरा : "कमी चाललेली" म्हणजे "चांगली" नव्हे

"साहेब, दहा वर्षं शेडमध्येच होती!" हे वाक्य कौतुकाने सांगितलं जातं. या गाड्यांत बॉशची के-जेट्रॉनिक घराण्यातली इंधनव्यवस्था आहे. गाडी उभी राहिली की पेट्रोलचा चिकट थर आत बसतो. रबरी नळ्या कडक होतात, ब्रेक अडकतात, सीलमधून तेल गळू लागतं. टायरची नक्षी नवी दिसते, पण टायर म्हातारा असतो. टायरच्या कडेवर चार आकडे असतात : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. १४०९ म्हणजे २००९ चा चौदावा आठवडा. अशा टायरवर बायकोला बसवून महामार्गावर जाणार का?

आणि हो, विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की गाडी सुरू करून ठेवू नका. थंड इंजिन तुमच्यासमोर सुरू झालं पाहिजे. गरम इंजिन बरंच काही लपवतं.

नियम चौथा : फाइल हीसुद्धा विकत घ्यायची वस्तू आहे

प्रत्येक गाडीसोबत कारखान्यातून डेटा कार्ड निघायचं. त्यावर चासी नंबर, इंजिन नंबर, रंगाचा कोड आणि कारखान्यात बसवलेल्या सोयी असतात. ५६० एसएलचा प्रकार-क्रमांक १०७.०४८. कार्डावर रंग निळा आणि समोरची गाडी लाल, तर प्रश्न विचारायचा. रंग बदलणं गुन्हा नाही. पण का बदलला, हे कळलं पाहिजे. अपघात तर झाला नव्हता?

जर्मनीत कागदांचा आणखी एक उपयोग आहे. पहिल्या नोंदणीला ३० वर्षं झालेली, मूळ स्थितीतली, नीट जपलेली गाडी तज्ज्ञाच्या तपासणीनंतर "एच" नंबरप्लेट मिळवू शकते. मग वाहनकर ठोक, वर्षाला सुमारे १९१ युरो. पण मनमानी बदल केलेली किंवा कुजलेली गाडी या तपासणीत अडकू शकते. तेव्हा ही प्लेट मिळालेली आहे की "मिळेल" असं नुसतं तोंडी सांगितलंय, ते बघा.

आणि या गाड्या रोज हाताळणाऱ्या स्वतंत्र मेकॅनिककडून तपासणी करून घ्या. विकणाऱ्याचा मेकॅनिक नको. ती फी म्हणजे खर्च नाही, विमा आहे.

आता हिशोब

आकडे समजायला सोपे म्हणून गोल घेतो. समजा, चकाचक गाडी १५,००० युरो. पत्रा आणि रंगकाम १२,००० निघालं. चेन, इंधनव्यवस्था, ब्रेक, टायर मिळून ६,०००. कापडी हूड २,०००. झाले ३५,०००, शिवाय वर्षभर गाडी गॅरेजमध्ये. फाइलवाली गाडी ३०,०००. त्यावर किरकोळ कामं २,५००. एकूण ३२,५००, आणि या उन्हाळ्यातच फिरायला तयार. पुढे विकायची वेळ आली तर फाइलवालीला गिऱ्हाईक आधी मिळेल, हे वेगळंच.

म्हणून तीन पाकिटं करा. एक खरेदीचं. दुसरं पहिल्या वर्षीच्या दुरुस्तीचं. तिसरं दरवर्षीच्या विमा, जागा आणि देखभालीचं. तिन्ही भरल्याशिवाय टोकन द्यायचं नाही.

पण पैसा कुठला?

हाच खरा प्रश्न, आणि तो आपल्या प्रेक्षकांच्या पत्नीने विचारला : "दुकानाचे की आपले?" तेव्हा कळलं की निम्मी रक्कम दुकानाच्या खेळत्या भांडवलातून काढायचा बेत होता, "तीन महिन्यांत परत टाकतो" म्हणून.

मित्रांनो, हे वाक्य मीही एकदा म्हणालो होतो. सुरुवातीच्या काळात मी एक सेकंडहँड पॅकिंग मशीन घेतलं. स्वस्त होतं, ताजा रंग होता, आणि बिल-कागद काही नव्हतं. मालाच्या पैशातून रक्कम उचलली. मशीन सहा आठवड्यांत बंद पडलं, आणि ऐन दिवाळीत माझ्याकडे मशीनही नव्हतं आणि माल भरायला पैसाही नव्हता. दोन जुनी गिऱ्हाइकं त्या दिवाळीत गेली, ती परत आली नाहीत. मशीनची किंमत मी केव्हाच विसरलो. ती दोन गिऱ्हाइकं अजून आठवतात.

हौसेला मोल नसतं, हे खरं. पण ते मोल धंद्याने मोजायचं नसतं. हौस नफ्यातून करायची, खेळत्या भांडवलातून नाही. "गाडीचा भाव वाढेल, गुंतवणूक आहे" अशी मनाची समजूतही घालू नका. वाढला तर आनंद, पण त्या आशेवर हिशोब बसवायचा नाही. आणि ती पुढे गावाकडे आणायचा विचार असेल तर तोही सोडा. भारतात वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, आणि विंटेजची सवलत याहून बऱ्याच जुन्या गाड्यांसाठी आहे.

शेवटी काय झालं? त्यांनी चकाचक गाडी स्वतंत्र मेकॅनिकला दाखवली. त्याने उजवीकडचा गालिचा उचलला. खालचा फोम पिळला तर पाणी निघालं. तपासणीची फी गेली, गाडी सुटली. फाइलवाली गाडी त्यांनी अजून घेतलेली नाही. तिसरं पाकीट भरायचं बाकी आहे. मला हा निर्णय गाडीपेक्षा जास्त आवडला.

तुमचा गृहपाठ : येत्या वर्षभरात घ्यायची एक मोठी वस्तू वहीत लिहा. तिच्यापुढे चार ओळी भरा : कुजू शकणारा सांगाडा कोणता? तुटू शकणारी चेन कोणती? फाइल कुठे आहे? पैसा कुणाचा? चौथ्या ओळीशी पेन अडलं, तर खरेदी पुढे ढकला.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत हिशोब लिहीत राहा!