नार्व्याची तर

गावातील ओहळावर पोफळीचे खोड आडवे टाकले की साकव होतो. मांडवीच्या पात्रावर साकव कोठून येणार? तेथे तरच हवी. डिचोली तालुक्यातील नार्वे व समोरच्या दिवाडी बेटावरील नार्वे यांमधील तर ही अशीच पुरातन होय. दोन्ही तीरांस एकच ग्रामनाम कसे, असे मुलांनी पुसल्यास वडीलधाऱ्यांस उत्तर ठाऊक असावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

मूळ नार्वे बेटावरचे. तेथे कोटितीर्थाच्या सान्निध्यात श्रीसप्तकोटेश्वराचे देवालय होते. हे कदंब राजांचे कुलदैवत. आपल्या नाण्यांवरही ते या देवाच्या वरप्रसादाचा उल्लेख करीत. बहामनी आक्रमणात भंगलेले देवालय विजयनगरच्या माधव मंत्र्याने चौदाव्या शतकाच्या अखेरीस पुनश्च उभारले. सोळाव्या शतकाच्या मध्यास पोर्तुगीजांनी ते पाडले. लिंग एका विहिरीच्या कामी लावले होते, ते सूर्यराव सरदेसाई यांनी सोडवून नदीपार नेले, असे परंपरा सांगते. पैलतीर भतग्राम महालात, म्हणजे फिरंगी अमलाबाहेर होते. देवामागोमाग गावाचे नावही पाणी ओलांडून गेले.

येथे क्षणभर थांबावे. नदीचे पात्र केवढे, तर या काठावरून त्या काठाची झाडे ओळखू यावीत एवढे. पण तेवढ्याच अंतरात एका तीरी देवपूजा अपराध ठरली होती आणि दुसऱ्या तीरी नंदादीप तेवत होता. होडीत बसलेल्या भाविकास ते अंतर किती दीर्घ वाटले असेल!

शके १५९०, कार्तिक कृष्ण पंचमीस (१३ नोव्हेंबर १६६८) शिवछत्रपतींनी येथील देवालयाच्या जीर्णोद्धारास प्रारंभ करविला. तसा शिलालेख द्वारावर आहे. समोर फिरंग्यांचे बेट दिसत असता हे कार्य झाले, हे आमच्या मते विशेष. अठराव्या शतकाच्या अखेरीस डिचोली पोर्तुगीजांकडे गेली, तरी देव स्थानभ्रष्ट झाला नाही. गोकुळाष्टमीस पंचगंगेच्या स्नानासाठी भाविक आजही येथे जमतात.

फेब्रुवारी २०२३ मध्ये नव्या जीर्णोद्धारानंतर देवालय पुन्हा खुले झाले. डिचोलीहून मोटार थेट देवळाशी जाते, त्यामुळे पुष्कळ मंडळी दर्शन घेऊन तशीच परततात. तसे करू नये. धक्क्यावर उतरावे, फेरीबोटीने दिवाडीस जावे आणि कोटितीर्थाची तळी मुलांस दाखवावी. देव तेथून या तीरी आला.