झीज आणि थकवा : काही इंग्रजी शब्दांचा अर्थविकास

विहिरीचा उपसा, अंगावरचे विरलेले कापड आणि भाड्याचा घोडा या तीन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध असेल असे सहसा कोणाच्या मनात येणार नाही. तथापि दमलेल्या माणसाचे वर्णन करणारे अनेक इंग्रजी शब्द या किंवा अशाच गोष्टींवरून घेतलेले आहेत. माणसाने आपल्या वापरातील वस्तू झिजताना पाहिल्या आणि त्या वस्तूंचे शब्द स्वतःला लावले. क्वचित याच्या उलटही घडले व माणसाच्या थकव्याचा शब्द लोखंडाला लागला. हा इतिहास केवळ कोशकारांच्या कुतूहलाचा विषय नव्हे. शब्द कोणत्या वस्तूवरून आला आहे यावरून पुष्कळदा असे ठरते, की थकव्याचे कारण थकलेल्यात शोधायचे की त्याच्याकडून काम घेणाऱ्यात.

'वेअर' या क्रियापदापासून आरंभ करणे सोयीचे होईल. जुन्या इंग्रजीत त्याचे रूप 'वेरियन' असे असून अर्थ 'परिधान करणे' असा होता. झिजण्याचा अर्थ त्यात मुळीच नव्हता. गॉथिक भाषेतील 'वास्यान' हे त्याचे भावंड. मूळच्या सकाराचे रूपांतर होत होत इंग्रजीत रकार आला, एवढे ध्यानात घेतले की संस्कृतातील 'वस्' हा परिधानार्थक धातू, त्यापासून झालेले 'वस्त्र' व 'वसन' हे शब्द, लॅटिनमधील 'वेस्टिस' आणि इंग्रजीतील 'वेअर' ही सर्व एकाच कुळातील आहेत हे उघड होते.

नेसण्यापासून झिजण्यापर्यंतचा प्रवास तेराव्या-चौदाव्या शतकांच्या सुमारास घडला. त्या काळी कापड महाग होते. अंगरखा मृत्युपत्रात नावानिशी वारसाला दिला जाई. असे वस्त्र वर्षानुवर्षे अंगावर वागवले जाई आणि कोपरावर, गुडघ्यावर, गळ्याशी हळूहळू विरत जाई. घालणे आणि विरवणे या एकाच कृतीच्या दोन बाजू असल्याने दोहोंना एकच क्रियापद पुरले. पुढे वस्त्र मागे पडले आणि झीज तेवढी उरली. पायऱ्या पावलांनी, दगड पाण्याने आणि माणसाचा धीर कटकटींनी 'वेअर' होऊ लागला. माणूस 'वोर्न आउट' झाला, तो याच वाटेने. या क्रियापदाचे भूतकाळी रूपही याच सुमारास बदलले. मूळचे 'वेर्ड' जाऊन 'वोर' आले, कारण शेजारी 'टेअर–टोर', 'बेअर–बोर' अशा जोड्या होत्या. भाषेतही संगतीचा परिणाम होतो.

'टेअर' म्हणजे फाडणे. त्याच्याशी या शब्दाची जोडी सतराव्या शतकात जमली आणि 'वेअर अँड टेअर' हा वाक्प्रचार रूढ झाला. भारतीय वाचकाला तो भाडेकरारातून परिचित आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या १०८ व्या कलमानुसार भाडेकरूने जागा घेतली तशीच परत करावयाची असते, परंतु वाजवी वापराने झालेली झीज त्याच्या माथी मारता येत नाही. हा तपशील अर्थाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. वापरामुळे वस्तू झिजणारच, त्यात कोणाचा अपराध नाही, असे कायदा मानतो. माणसाला 'वोर्न आउट' म्हणताना हाच निर्विकारपणा नकळत सोबत येतो. मराठीतील 'झिजणे' या बाबतीत निराळे आहे. कोणी संस्थेसाठी चंदनासारखा झिजला असे म्हटले, की त्यात झीज तर असतेच, शिवाय ती ज्याच्यासाठी झाली त्याच्यावरचे ऋणही असते. इंग्रजी शब्दात हे ऋण नाही. म्हणूनच हे मराठी वाक्य इंग्रजीत नेताना अनुवादक अडतो.

येथे दोन फसव्या नात्यांविषयी सावध करणे अवश्य आहे. 'वेअरी' म्हणजे थकलेला हा शब्द 'वेअर'पासून निघाला असावा असे कोणालाही वाटेल, पण तसे नाही. तो जुन्या इंग्रजीतील 'वेरिग' या स्वतंत्र शब्दापासून आला असून त्याचे नाते भटकणे, लडखडणे या अर्थाच्या 'वोरियन' या क्रियापदाशी आहे. त्याच्या मुळाशी झिजलेले कापड नाही, तर तोल जाऊ लागलेला वाटसरू आहे. जुन्या जर्मनमधील त्याच्या भावंडाचा अर्थ तर 'मद्याने झिंगलेला' असा होता. दुसरे उदाहरण याच्या नेमके उलट आहे. 'टायर्ड' या शब्दाचा चाकाच्या टायरशी काहीही संबंध नाही. दमण्याचा शब्द 'उणे पडणे, थांबणे' या अर्थाच्या 'टेओरियन' या जुन्या क्रियापदातून आला, तर चाकाचा टायर हा पोशाखवाचक 'अटायर'चे आखूड रूप आहे. चाकावर चढवलेली धाव हा चाकाचा पोशाखच मानला गेला. म्हणजे ज्या शब्दात कापड नाही असे वाटते तेथे ते आहे आणि जेथे असावेसे वाटते तेथे नाही. केवळ ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती उभी करणाऱ्यांनी ही दोन उदाहरणे विसरू नयेत.

'एक्झॉस्ट' या शब्दात मात्र चित्र स्वच्छ आहे. लॅटिनमध्ये 'हाउरीरे' म्हणजे पाणी काढणे आणि 'एक्स' म्हणजे बाहेर. मराठीत त्यासाठी 'उपसणे' हा अगदी नेमका शब्द आहे. सोळाव्या शतकात हे क्रियापद इंग्रजीत आले, ते पाणी, पैसा, साठा काढून संपवणे या अर्थाने. सतराव्या शतकात रॉबर्ट बॉइल याने वातपंपाने काचपात्रातील हवा काढून घेतली, तेव्हा त्या रिकाम्या पात्रालाही त्याने हेच विशेषण लावले. त्याच शतकात माणसाची शक्तीही 'एक्झॉस्ट' होऊ लागली. पुढे वाफेच्या इंजिनातून काम करून बाहेर पडणाऱ्या वाफेला हे नाव मिळाले आणि आजच्या स्वयंपाकघरातील 'एक्झॉस्ट फॅन' हा त्याच घराण्याचा वारस होय. एखाद्या अभ्यासाला 'एक्झॉस्टिव्ह' म्हणतात तेव्हा विषयाची विहीर तळापर्यंत उपसली असा भाव असतो, मग वाचक थकला तरी हरकत नाही!

मराठीतही 'कष्ट उपसणे' असा प्रयोग आहे. परंतु तेथे माणूस उपसणारा आहे. लॅटिन प्रतिमेत माणूस हीच विहीर आहे आणि दोर कोणाच्या हाती आहे ते शब्द सांगत नाही.

घोड्यांच्या शब्दांत हा दोर अधिक स्पष्ट दिसतो. 'जेड' हा शब्द चौदाव्या शतकापासून निकामी, मरतुकड्या घोड्यासाठी वापरात आहे. (त्याच उच्चाराच्या हिरव्या रत्नाशी त्याचे नाते नाही.) त्यापासून झालेले 'जेडेड' हे विशेषण आरंभी अतिकामाने मोडून गेलेल्याला लागे. पुढे ते अतिउपभोगाने विटलेल्याला लागू लागले. कष्टकऱ्याचा शब्द सुखवस्तूंनी घेतला असे म्हटले तरी चालेल. 'नॅकर' म्हणजे म्हातारी जनावरे कातडे व हाडे यांसाठी विकत घेणारा. त्यावरून अतिशय थकलेला इंग्रज बोलीभाषेत स्वतःला 'नॅकर्ड' म्हणवतो. विनोदाने उच्चारला जाणारा हा शब्द मुळात खाटिकखान्याच्या दाराशी उभा आहे. 'हॅकनी' म्हणजे साध्या स्वारीचा व पुढे भाड्याने मिळणारा घोडा. आज लंडनमध्ये सामावलेल्या हॅकनी या गावाच्या नावावरून तो आला असावा असे मानतात. भाड्याच्या गाड्यांसाठी भारतात १८७९ साली जो कायदा झाला त्याच्या नावातही हा शब्द होता. भाडोत्री घोड्यावर कोणीही बसतो आणि त्याची चिंता कोणी वाहत नाही. म्हणून ज्या शब्दप्रयोगावर जो तो स्वार झाला आहे, तो 'हॅकनीड' ठरला.

अशा प्रयोगाला इंग्रजीत 'ट्राइट' असाही शब्द आहे. त्याचे मूळ 'तेरेरे' म्हणजे घासणे या लॅटिन क्रियापदात आहे. मराठीतही आपण अतिवापराच्या शब्दांना गुळगुळीत झालेले म्हणतो. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच प्रतिमा निवडावी, याचे कारण हातोहाती फिरून छाप पुसलेली नाणी दोन्हीकडच्या लोकांनी पाहिली असावीत. 'तेरेरे'चे कुटुंब मोठे आहे. 'डेट्रिमेंट' म्हणजे घासून झालेले नुकसान. 'ट्रिब्युलेशन' हा शब्द 'ट्रिब्युलम' या मळणीच्या दातेरी फळीवरून आला आणि ख्रिस्ती लेखकांनी तो संकटांना लावला. 'कॉन्ट्राइट' म्हणजे पश्चात्तापाने चुरा झालेला. ईश्वरप्रेमातून न येता केवळ शिक्षेच्या भयाने आलेल्या अपुऱ्या पश्चात्तापाला धर्मशास्त्रात 'अट्रिशन' म्हणत. पहिल्या महायुद्धात याच शब्दाला वेगळीच कीर्ती मिळाली. शत्रूचा पराभव करता येत नसेल तर त्याची माणसे घासून संपवायची, अशा युद्धाचे नाव 'वॉर ऑफ अट्रिशन' असे पडले. १९१६ ची व्हर्दूनची लढाई हे त्याचे ठळक उदाहरण होय.

आता उलट प्रवासाचे उदाहरण. लॅटिन 'फातिगारे' म्हणजे थकवणे. त्यापासून झालेला 'फटीग' हा शब्द फ्रेंचमधून सतराव्या शतकात इंग्रजीत आला. पुढील शतकात तो सैन्यात शिरला व खणणे, झाडणे यांसारख्या शस्त्राविना करावयाच्या कामांना लागू झाला. तोवर तो सजीवांपुरताच होता. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला जाणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडला. गाडीने पेट घेतला आणि पन्नासहून अधिक माणसे दगावली. दक्षिण ध्रुवाकडील सागरांचा प्रसिद्ध संशोधक द्यूमाँ द्यूर्व्हिल त्यांत होता. आजवर निर्वेध चाललेला आस एका साध्या दिवशी का मोडावा, या प्रश्नाला अभियंत्यांपाशी उत्तर नव्हते आणि त्या घटनेला नावही नव्हते. १८५४ साली फ्रेडरिक ब्रेथवेट याने लंडनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे निबंध वाचला, त्यात धातूच्या या दोषाला 'फटीग' म्हटले. त्यानंतर प्रशियन रेल्वेतील आउगुस्ट व्होलर याने आसांवर दीर्घकाळ प्रयोग करून दाखवले, की एका वेळी सहज पेलता येणारा भारही पुनःपुन्हा पडत राहिला तर आस मोडतो. प्रत्येक फेरीगणिक एखादी सूक्ष्म भेग किंचित पुढे सरकते.

शब्द समर्पक होता, पण एका ठिकाणी तो दिशाभूल करतो. माणूस रात्रभर झोपला की पुन्हा कामाला लागतो. भेगाळलेले लोखंड विश्रांतीने सांधत नाही. १९५४ साली कॉमेट जातीची दोन प्रवासी विमाने भूमध्य समुद्रात कोसळली, तेव्हा हा फरक पुन्हा प्रकर्षाने दिसला. उड्डाणागणिक फुगणाऱ्या व आकसणाऱ्या त्यांच्या धातूच्या कवचाला छेदांच्या कोपऱ्यांपाशी भेगा पडत गेल्या होत्या.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात माणूसच यंत्र मानला जाऊ लागला. न्यूयॉर्कचा डॉक्टर जॉर्ज बिअर्ड याने १८६९ साली मज्जातंतूंच्या दुर्बलतेला 'न्यूरास्थेनिया' हे नाव प्रचारात आणले. मर्यादित विजेवर अधिकाधिक दिवे लावले की सर्वच मंद होतात, असा दृष्टान्तही त्याने दिला. इटलीतील आंजेलो मोसो याने बोटाने वजन उचलवून थकव्याचा आलेख काढणारे उपकरण बनवले व १८९१ साली त्यावर ग्रंथ लिहिला. आज सुट्टीवर जाणारा 'रिचार्ज' होतो, तो बिअर्डच्याच तारांवरून.

'बर्नआउट' हा या मालिकेतील अलीकडचा शब्द. १९७४ साली हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर याने न्यूयॉर्कमधील मोफत दवाखान्यात राबणाऱ्या स्वयंसेवकांचे निरीक्षण करून तो मानसशास्त्रात आणला. इतरांसाठी जळणारी ही माणसे आतून राख होत होती. राख पुन्हा उपसता येत नाही की धुऊन घालता येत नाही, म्हणून हा शब्द आधीच्या सर्वांहून कठोर आहे. २०१९ साली स्वीकारलेल्या आपल्या अकराव्या रोगवर्गीकरणात जागतिक आरोग्य संघटनेने त्याची नोंद केली, परंतु रोग म्हणून नव्हे. कामाच्या ठिकाणच्या दीर्घकालीन व नीट न हाताळलेल्या ताणातून उद्भवणारी, व्यवसायाशी निगडित घटना, असे त्याचे वर्णन तेथे आहे आणि जीवनाच्या इतर क्षेत्रांतील अनुभवांना तो शब्द लावू नये असेही बजावले आहे. १८८२ च्या कायद्याने जागेच्या झिजेविषयी कोणाला दोष दिला नव्हता. येथे मात्र झिजेबरोबर ती जेथे झाली त्या जागेचीही नोंद झाली आहे.