सायकल आणि लोकल : एका दिवसाच्या सहलीचे गणित

एका दिवसाची सहल म्हटली की आपण अंतराचा विचार करतो. वास्तविक विचार करायला हवा तो वेळेचा. आगगाडी लांबचे अंतर भराभर तोडते. पण ती स्थानकापाशी थांबते आणि आपल्याला पाहायचे असते ते दूर, डोंगराच्या कुशीत. हा शेवटचा टप्पा कसा ओलांडायचा, हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम साधे गणित मांडू. माणूस तासाला 4 किलोमीटर चालतो, सायकलीवर सहज 12 जातो. वेग तिप्पट झाला. परंतु एका तासात गाठता येणारा स्थानकाभोवतीचा प्रदेश वर्तुळाकार धरला, तर त्रिज्या तिप्पट होताच क्षेत्रफळ नऊपट होते. पायी जाणाऱ्याच्या वाट्याला सुमारे 50 चौरस किलोमीटर येतात, तर सायकलस्वाराच्या वाट्याला सुमारे 450. चढ आणि वळणे यांमुळे प्रत्यक्ष आकडे कमी भरतील, पण फरक केवढा आहे हे ध्यानात यावे.

आता उदाहरण मावळचे घेऊ. पुणे-लोणावळा मार्गावर कामशेत व मळवली ही लागोपाठची स्थानके. मळवलीच्या दक्षिणेस भाजे, उत्तरेस कार्ले; ही लेणी पायी जाऊनही पाहता येतात. बेडसे मात्र कामशेतपासून पवनानगरच्या बाजूला सुमारे 9 किलोमीटरवर आहे. पायी जाऊन-येऊन साडेचार तास मोडतात, सायकलीने दीड तास. वाचलेल्या तीन तासांत बेडशाच्या ओसरीतील खांबांवरचे हत्ती, घोडे आणि त्यांवरील स्वार निवांतपणे पाहता येतील.

माझ्या एका वर्गमैत्रिणीने विचारले होते, "ज्याच्या घरी मोटारसायकल नाही, त्याने ही लेणी पुस्तकातच पाहायची का?" हा हिशेब मी मांडला तो या प्रश्नामुळेच.

अडचण आहे ती सायकल नेण्याची. पूर्ण आकाराची सायकल रेल्वेच्या लेखी सामान ठरते; शिवाय लहान स्थानकावर लोकल जेमतेम थांबते आणि डब्यात गर्दी असते. घडीची सायकल सोयीची खरी, पण ती विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणारी नाही. नेदरलँड्समध्ये यावर सोपा तोडगा आहे. तेथे अनेक स्थानकांवरच भाड्याची सायकल मिळते. प्रवासी स्वतःची सायकल घराजवळच्या स्थानकावर ठेवतो आणि उतरल्यावर दुसरी घेतो.

आपल्याला ही कल्पना परकी वाटू नये. तासाच्या भाड्याने सायकल देणारी दुकाने एके काळी आपल्याकडे गावोगावी होती. वडील मंडळी सायकल शिकली ती बहुधा तेथलीच घेऊन. तेव्हा डब्यात सायकलीसाठी जागा मागण्यापूर्वी आपण कामशेतसारख्या स्थानकाबाहेर दहा-वीस सायकलींचे एक दुकान मागावे, असे मला वाटते. स्थानिक तरुणाला त्यातून उत्पन्न मिळेल आणि आपल्याच जिल्ह्यातील दोन हजार वर्षांपूर्वीची शिल्पे विद्यार्थ्यांच्या आवाक्यात येतील.