.३५७ सिग घ्यावे का?

प्रश्न : टेक्सासमध्ये राहतो. .३५७ सिगचे जुने पिस्तूल स्वस्तात मिळतेय. घेऊ का?

उत्तर : पहिलेच पिस्तूल असेल तर नको. १९९४ साली आलेले हे काडतूस १२५ ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे १३५० फूट वेगाने सोडते. वेग खरा, पण दणका आणि आवाजही तसाच. दरम्यान ९ मिमीच्या गोळ्या सुधारल्या, पोलीस खाती तिकडे वळली आणि याचा खप आटला, म्हणून ते महाग. पिस्तूल एकदाच घ्यायचे, काडतुसे कायम; ती महाग पडली की सराव घटतो, आणि नेम सरावानेच बसतो. पुंगळ्या घरी भरू म्हणाल, तर त्यांची मान आखूड. गोळी आत सरकण्याचा धोका. नवशिक्याने त्या फंदात पडू नये. हां, .४० एस अँड डब्ल्यू या काडतुसाचे मॅगझिन याला चालते आणि अनेक मॉडेलांत नुसती बॅरल बदलली की त्याच काडतुसावर भागते. तशी बॅरल सोबत मिळत असेल, तर खुशाल घ्या.